रोजच्या मेकअपमध्ये फेस पावडर : लावावी का, कुठे आणि किती

सनस्क्रीन, कॉम्पॅक्ट, काजळ, टिकली आणि निघता निघता फिरवलेली लिपस्टिक, एवढाच बहुतेक नोकरदार मराठी स्त्रियांचा रोजचा मेकअप असतो, आणि त्यात सर्वांत कमी विचार करून जी वस्तू लावली जाते ती म्हणजे कॉम्पॅक्ट, अर्थात डबीतली दाबलेली फेस पावडर. आई लावत असे म्हणून, पर्समध्ये असते म्हणून किंवा त्याशिवाय तयार झाल्यासारखे वाटत नाही म्हणून ते कपाळापासून हनुवटीपर्यंत सरसकट फिरवले जाते. वास्तविक पावडरची गरज संपूर्ण चेहऱ्याला क्वचितच असते. त्वचा तेलकट असली तरी नाक, नाकालगतचे गाल, कपाळाचा मधला भाग आणि हनुवटी एवढ्यापुरतीच ती पुरते, आणि कोरड्या त्वचेच्या अनेक जणींना ती मुळीच लागत नाही. त्यामुळे ‘लावावी की लावू नये’ हा निर्णय चेहऱ्याच्या एकेका भागापुरता घ्यावा, हे माझे मत सुरुवातीलाच सांगून ठेवते.

पावडर नेमके काय करते

कोरडी पूड त्वचेवर स्वतःच्या बळावर फार वेळ टिकत नाही. तिला धरून ठेवायला खाली काहीतरी चिकट असावे लागते. पूर्वीच्या बायका कपाळावर आधी मेण लावून मग त्यावर कुंकू टेकवत, त्यामागे हेच तत्त्व होते, आणि आपल्याकडे ‘स्नो-पावडर’ ही जोडी रूढ झाली तीही त्यामुळेच. मुंबईच्या इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ मध्ये बाजारात आणलेले अफगाण स्नो घरोघरी पोहोचले, त्या काळात स्नो या प्रकारातील क्रीम सर्वसाधारणपणे स्टिअरिक आम्लापासून बनवत असत. त्यातले पाणी उडून गेले की त्वचेवर पातळ, जवळजवळ अदृश्य असा थर उरे आणि त्यावर टाल्कम पावडर धरून राही. आज स्नोची जागा सनस्क्रीनने, बीबी क्रीमने किंवा फाउंडेशनने घेतली आहे, पण पावडरचे पहिले काम तेच राहिले आहे : खालच्या थराचा चिकटपणा घालवणे आणि तो थर पुसला जाणार नाही, सरकणार नाही असा बसवणे. खाली बसवण्याजोगे काहीच नसेल तर हे काम उरतच नाही.

दुसरे काम तेल शोषण्याचे. कपाळ, नाक आणि हनुवटी या भागांत तैलग्रंथी दाट असतात, म्हणून चमक आधी तिथे येते. शंखजिऱ्याची (टाल्कची) पूड, सिलिका, केओलिन नावाची पांढरी माती, मक्याचे किंवा तांदळाचे स्टार्च, हे पावडरमधले घटक वर आलेले तेल काही तास आपल्यात सामावून घेतात, आणि त्यांची मर्यादा संपली की चमक पुन्हा दिसू लागते. त्वचेतून तेल सुटण्याचे प्रमाण पावडरमुळे कमी होत नाही. ते कमी करायचे असेल तर प्रश्न त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावा लागतो.

घामाच्या बाबतीत मात्र पावडरकडून ठेवलेली अपेक्षा बहुधा फसते. मुंबई, कोकण आणि गोव्यात हवेतला दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही, तो चेहऱ्यावर थेंबाथेंबाने साचतो, आणि अशा ओल्या त्वचेवर पावडर लावली की तिचा लगदा होऊन नाकाच्या कडेला, वरच्या ओठावर आणि केसांच्या मुळाशी बारीक गुठळ्या दिसू लागतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हवा कोरडी असल्याने घाम आल्याबरोबर उडून जातो आणि मागे उरते ते मुख्यतः तेल. म्हणून तिथे तीच पावडर अधिक चांगली वागते. लोकलच्या गर्दीतून उतरल्यावर चेहरा ओला झालेला असेल, तर आधी रुमालाने टिपणे हेच खरे काम असते आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागते.

निर्णयासाठी अर्ध्या चेहऱ्याची चाचणी

आपली त्वचा तेलकट आहे, असे समजणाऱ्या अनेकींची त्वचा प्रत्यक्षात फक्त नाकावर तेलकट असते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा एक साधी चाचणी करावी, आणि ती सुट्टीच्या दिवशी न करता कामाच्या दिवशी करावी, म्हणजे नेहमीचा प्रवास, नेहमीचे ऊन आणि नेहमीची धावपळ तिच्यात धरली जाईल.

सकाळी चेहरा धुऊन मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि लावत असाल तर फाउंडेशन, असे सगळे रोजच्याप्रमाणे लावावे. त्यानंतर पावडर फक्त उजव्या बाजूला लावावी : अर्धे कपाळ, अर्धे नाक, एक गाल, अर्धी हनुवटी. फरक लोकांच्या लक्षात येण्याइतका ठळक नसतो, त्यामुळे संकोचाचे कारण नाही. खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंचा एकेक फोटो घ्यावा आणि दुपारी जेवणानंतर तशाच उजेडात पुन्हा घ्यावा. मग टिश्यूचा एक कागद दोन्ही बाजूंच्या नाकाजवळ, कपाळावर आणि गालावर वेगवेगळा दाबून तो उजेडात धरावा. तेल असेल तिथे कागद पारदर्शक होतो, घाम असेल तिथे ओला होतो आणि थोड्या वेळाने वाळून पूर्ववत दिसतो.

फोटो पाहताना चमकेइतकेच आणखी काही गोष्टींकडे लक्ष द्यावे. पावडर लावलेल्या बाजूला डोळ्यांखालच्या बारीक रेषा अधिक उठून दिसतात का, नाकपुडीच्या कडेला थर फाटल्यासारखा दिसतो का, गालावरची लव पांढुरकी झाली आहे का आणि त्या बाजूचा रंग मानेपेक्षा वेगळा पडला आहे का, हे तपासावे. दुपारी दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दिसत असतील तर पावडर तुमच्यासाठी निव्वळ सवय आहे आणि ती सोडून देता येईल. मोकळी बाजू फक्त नाकावर आणि कपाळावर चमकत असेल तर तेवढ्यापुरतीच लावावी. मोकळ्या बाजूचे फाउंडेशन पुसले गेले असेल किंवा काजळ गालाकडे उतरले असेल, तर पावडरचे बसवण्याचे काम तुम्हाला हवे आहे, तेल शोषण्याचे नव्हे. अशा वेळी थर अगदी पातळ ठेवूनही उपयोग होतो. ही चाचणी पावसाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा करावी, कारण उत्तर ऋतूप्रमाणे बदलते. पुण्यातल्या डिसेंबरमध्ये किंवा हीटर लावलेल्या परदेशातल्या घरात हवा इतकी कोरडी असते की मुंबईत ठीक वाटणारे कॉम्पॅक्ट तिथे गालावर पापुद्र्यांसारखे दिसते.

कोणी टाळावी

त्वचेला कोंडा सुटल्यासारखे पापुद्रे निघत असतील, रेटिनॉइड (‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातले त्वचेचे औषध) किंवा मुरमांवरच्या औषधाने त्वचा सोलवटत असेल, एक्झिमा असेल, तर तो भाग शांत होईपर्यंत त्यावर पावडर लावू नये. ती प्रत्येक पापुद्रा अधोरेखित करते. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी थांबल्यावर, त्वचेतले तेल कमी होते आणि विशीत शोभणारी पावडर चेहरा निस्तेज व सुकलेला दाखवू लागते. या वयात पावडर पूर्ण बंद करण्याची गरज नसते, पण गाल आणि डोळ्यांखालचा भाग तिच्यातून वगळला तर चेहऱ्यात लगेच फरक पडतो.

मुरमे असलेल्यांना पावडर चालते, मात्र दोष बहुधा पावडरपेक्षा न धुतलेल्या पफचा असतो. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (रोमछिद्रे न बुजवणारे) हा शब्द डबीवर असणे चांगले, पण त्यावर आंधळेपणाने विसंबू नये. तो लिहिण्यासाठी सर्वांनी पाळावी अशी एकच ठरावीक चाचणी नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी सुटी पावडर टाळून दाबलेली घ्यावी, आणि तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन किंवा त्याच्या जवळ बसून सुटी पावडर झटकू नये.

आणखी एका अपेक्षेबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. पावडरच्या डबीवर एसपीएफ (उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा) लिहिलेला असतो म्हणून सनस्क्रीन वगळणे योग्य नाही. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर लावतात. तेवढी पावडर चेहऱ्यावर लावली तर ती मुखवट्यासारखी दिसेल, आणि कोणीही तेवढी लावत नाही. वांग असलेल्यांना रंगीत उत्पादनांतील आयर्न ऑक्साइडचा उपयोग होतो, कारण ते दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवते, पण त्यासाठी रंगीत सनस्क्रीनचा भरपूर थर हवा. पावडरचा हलका हात पुरत नाही.

डबी निवडताना

दुकानात चार-पाच प्रकार समोर येतात आणि नावांनी गोंधळ उडतो. सुटी पावडर घरात, आरशासमोर बसून लावण्यासाठी चांगली. ती हलकी बसते, पण सांडते आणि पर्समध्ये नेण्याजोगी नसते. दाबलेली पावडर म्हणजे आपले कॉम्पॅक्ट. तिला वडीसारखा आकार धरता यावा म्हणून तेल, सिलिकोन किंवा स्टिअरेटसारखे बांधून ठेवणारे घटक घातलेले असतात, त्यामुळे ती किंचित जड असते आणि रंगाचा पातळ थरही देते. पावडर फाउंडेशन त्याहून अधिक झाकणारे असते. ते फाउंडेशनच्या वर पुन्हा लावले की चेहरा थापल्यासारखा दिसतो, म्हणून दोन्हींपैकी एकच निवडावे. ट्रान्सल्युसंट म्हणून मिळणारी पावडर बिनरंगी असल्याचा दावा असतो, मात्र ती डबीत पांढरीशुभ्र दिसत असेल तर गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर राखाडी झाक सोडण्याची शक्यता मोठी असते. अशा त्वचेला पिवळसर किंवा मधाच्या छटेची ट्रान्सल्युसंट पावडर बरी दिसते.

छटेच्या बाबतीत आपल्या दुकानांतला जुना रिवाज असा, की गिऱ्हाइकाच्या रंगापेक्षा एक पायरी उजळ डबी पुढे करायची. गोरे दिसण्याची हौस हा पावडरच्या वापरातला सर्वांत हट्टी गैरसमज आहे, आणि त्याचा परिणाम सगळ्यांना दिसतो, फक्त लावणारीला आरशात दिसत नाही : चेहरा एका रंगाचा, मान आणि कान दुसऱ्या रंगाचे. छटा मनगटावर न पाहता जबड्याच्या कडेला पाहावी, आणि दुकानातल्या पिवळ्या-पांढऱ्या दिव्यांखाली निर्णय न घेता बाहेरच्या उजेडात यावे. त्यानंतर निदान अर्धा तास थांबावे, कारण त्वचेचे तेल शोषले की पावडरचा रंग थोडा गडद होतो. सकाळी जुळलेली छटा दुपारी तांबूस वाटते ती यामुळे. दोन छटांमध्ये अडकल्यास आणि पावडर फक्त नाक-कपाळावरच लावायची असल्यास, छटेचा फारसा प्रश्न उरत नाही, हाही थोडक्या जागी लावण्याचा एक फायदा.

डबीची मागची बाजू वाचायची सवय लावून घ्यावी. भारतात बनलेल्या सौंदर्यप्रसाधनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापलेली असणे बंधनकारक आहे. आयात मालावर नोंदणी क्रमांक असतो. रस्त्यावरच्या गाड्यावर नामांकित कंपनीचे कॉम्पॅक्ट निम्म्या किमतीत मिळत असेल आणि यांपैकी काहीच धड वाचता येत नसेल, तर ते सोडून द्यावे. डोळ्यांच्या इतक्या जवळ रोज लागणाऱ्या वस्तूत काटकसर करण्याची ही जागा नाही.

टाल्कबद्दलची चिंता

टाल्क म्हणजे शंखजिरे, मॅग्नेशियम आणि सिलिका यांचे मऊ खनिज. भारतात ते मुख्यतः राजस्थानात, उदयपूरच्या परिसरात सापडते. जमिनीखाली शंखजिरे आणि ॲस्बेस्टॉस हे कर्करोगकारक खनिज कधी कधी शेजारी शेजारी आढळतात, आणि खाणीतून काढताना ॲस्बेस्टॉसची भेसळ होण्याचा धोका हे या खनिजाभोवतीच्या वादाचे मूळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. या निर्णयामागचा मानवी पुरावा मर्यादित आणि मुख्यतः अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंधित आहे, म्हणजेच तो जननेंद्रियांच्या भागात पावडर वापरण्याविषयी आहे; चेहऱ्यावर बेताने लावलेल्या पावडरबद्दल तसा पुरावा मांडलेला नाही. हा गट पुरावा किती बळकट आहे हे सांगतो, रोजच्या वापरात धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. लाल मांसही त्याच गटात आहे.

याचा व्यावहारिक अर्थ माझ्या मते असा : घरातले चांगल्या कंपनीचे कॉम्पॅक्ट भीतीपोटी फेकून देण्याचे कारण नाही, पण नवी डबी घेताना टाल्कविरहित पर्याय सारख्याच दर्जाचा मिळत असेल तर तो घ्यावा, आणि कोणत्याही पावडरचा ढग उडवून तो नाकात जाऊ देऊ नये. पंख्याखाली बसून सुटी पावडर लावण्याची सवय या एकाच कारणासाठी मोडण्यासारखी आहे. टाल्कम पावडरचा उभा डबा तळहातावर उपडा करून चेहऱ्याला फासण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. ती पावडर अंगासाठी बनवलेली असते, तिच्यात सुगंध अधिक असतो आणि चेहऱ्याच्या रंगाशी जुळेल अशी छटा नसते, त्यामुळे चेहऱ्यासाठी ती वापरू नये.

लावण्याची रीत

पावडर बिघडते ती बहुतेक वेळा लावण्याच्या आधीच. चेहरा धुऊन मॉइश्चरायझर लावल्यावर दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत, मग सनस्क्रीन लावून आणखी पाच ते दहा मिनिटे थांबावे. हा वेळ केस विंचरण्यात, साडीच्या निऱ्या घालण्यात किंवा डबा भरण्यात सहज जातो, त्यासाठी आरशासमोर तिष्ठत बसावे लागत नाही. सनस्क्रीन ओले असताना पावडर लावली तर ती ठिगळांसारखी धरते, आणि वर हात चोळला तर सनस्क्रीनच्या बारीक वळ्या निघून संरक्षणाचा थरच उखडतो. बोटाची मागची बाजू गालाला टेकवून पाहावी. बोट किंचित चिकटते पण ओले होत नाही, ही पावडरची योग्य वेळ. फाउंडेशन किंवा कन्सीलर (डाग आणि काळी वर्तुळे झाकणारे क्रीम) वापरत असाल तर ते याच टप्प्यावर लावून, डोळ्यांखाली आणि नाकाच्या कडेला रेघांमध्ये साचलेले बोटाने हलकेच टिपून घ्यावे, कारण साचलेल्या कन्सीलरवर पावडर बसली की ती रेघ दिवसभरासाठी पक्की होते. क्रीमचा ब्लश असेल तर तोही आधीच लावावा; पावडरवर क्रीम फिरवले की डाग पडतात.

आता पावडर. कॉम्पॅक्टवर पफ घासू नये, एकदाच दाबून उचलावा. सुटी पावडर असेल तर चिमूटभर झाकणात काढून पफ तिच्यात टेकवावा, पफ दुमडून स्वतःवरच चोळावा म्हणजे पावडर कापडाच्या धाग्यांत शिरेल, आणि मग हाताच्या पालथ्या बाजूवर झटकावा. पफवर पावडर दिसत नाही असे वाटले तर प्रमाण बरोबर आहे. सुरुवात नाकाच्या बाजूंपासून करावी, कारण पहिला स्पर्श सर्वांत जास्त पावडर सोडतो आणि सर्वांत जास्त तेल तिथेच असते. पफ त्वचेवर टेकवून किंचित दाबावा आणि लाटल्यासारखा फिरवून उचलावा. घासल्याने खालचे फाउंडेशन सरकते. त्यानंतर दोन भुवयांच्या वरचा कपाळाचा भाग, मग हनुवटी. एवढे झाल्यावर पफवर जे काही उरले असेल तेवढेच डोळ्यांखाली, तेही डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून काजळाच्या रेषेपर्यंतच्या पट्ट्यात, नुसते टेकवावे. काजळ पसरण्याचे थांबवायला इतकी मात्रा पुरते.

गालांवर पावडर लावायचीच असेल तर पफ सोडून मोठा, मऊ ब्रश घ्यावा आणि शेवटचा हात वरून खाली फिरवावा. गालांवरची लव बहुतांशी खालच्या दिशेने वळलेली असते. उलट्या दिशेने ब्रश फिरवला की प्रत्येक केस पावडर धरून उभा राहतो आणि खिडकीतून तिरका उजेड आला की गालावर पांढरी मखमल दिसते. समोरून आरशात ही गोष्ट कळत नाही, म्हणून निघण्यापूर्वी चेहरा खिडकीकडे आडवा वळवून एकदा पाहावे. भुवया आणि केसांची कडही तेव्हाच तपासावी. तिथे अडकलेली पावडर स्वच्छ, कोरड्या ब्रशने झटकून काढावी. पावडर जास्त झाल्याचे लक्षात आले तर तिच्यावर आणखी काही लावू नये. दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून गरम करावेत आणि अर्धा मिनिट चेहऱ्यावर हलके टेकवून धरावेत, किंवा पाण्याचा अगदी बारीक फवारा दूरून मारून टिश्यू टेकवावा. कोरडेपणा पुष्कळ कमी होतो. डोळ्यांखाली पावडरचा जाड थर पाच-दहा मिनिटे ठेवून झटकण्याची, बेकिंग म्हणतात ती, रीत रंगमंचावरच्या प्रखर दिव्यांसाठी ठीक आहे. रोजच्या चेहऱ्यावर ती त्वचा सुकवते आणि रेषा वाढवते.

टिकलीची जागा मात्र कोरी सोडावी. चिकटणाऱ्या टिकलीचा गोंद त्वचेऐवजी पावडरला धरतो आणि दुपारी टिकली जेवणाच्या डब्यात सापडते. भुवयांच्या मधली बोटभर जागा कोरड्या टिश्यूने पुसून मग टिकली लावली की हा प्रश्न येत नाही.

चष्मा लावणाऱ्यांसाठी पावडर खरोखर उपयोगी आहे. नाकपुलावर चष्म्याच्या दोन गाद्या टेकतात तिथे फाउंडेशन शक्यतो लावूच नये, आणि लावले असेल तर तिथे पावडर नीट दाबून बसवावी. चष्मा घसरणे आणि काढल्यावर दोन डाग दिसणे दोन्ही कमी होते. दुचाकीवर चेहऱ्याला स्कार्फ बांधून जाणाऱ्या मुलींची अडचण वेगळी असते. कापड गालांवर आणि हनुवटीवर सतत घासते, आत उष्णता कोंडते, घाम येतो, आणि कितीही पावडर लावली तरी मेकअपचा ठसा स्कार्फवर उतरतोच. त्यांनी निघताना सनस्क्रीनवरच थांबावे आणि पोहोचल्यावर, चेहरा टिपून, नाक-कपाळापुरते कॉम्पॅक्ट लावावे.

दुपारचा हात

दुपारी चेहरा चमकू लागला की बहुतेक जणी थेट कॉम्पॅक्ट उघडतात, आणि संध्याकाळपर्यंत तेल व पावडर यांचे एकावर एक थर बसतात. आधी ब्लॉटिंग पेपर किंवा साधा टिश्यू दाबून तेल टिपावे. टिश्यूचे पदर सुटे करून एकेरी पदर वापरला तर तो अधिक चांगला चिकटतो. टिपल्यावर आरशात पाहावे. चारपैकी तीन वेळा पावडरची गरज उरलेली नसते. उरली असेल तर नाकावर एकदा पफ टेकवला की पुरे. उन्हात पुन्हा बाहेर पडायचे असेल आणि सनस्क्रीन नव्याने लावायचे असेल, तर ते टिपलेल्या चेहऱ्यावर ओलसर स्पंजने थोपटत लावावे, वाळू द्यावे आणि त्यानंतरच पावडरला हात घालावा.

लग्नकार्यात किंवा फ्लॅशच्या फोटोंच्या वेळी थोडी वेगळी काळजी लागते. सिलिका, टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड असलेली पांढरी पावडर फ्लॅशचा उजेड परत फेकते, आणि प्रत्यक्षात सुंदर दिसणाऱ्या चेहऱ्यावर अल्बममध्ये डोळ्यांखाली पांढरे चट्टे उमटतात. समारंभाच्या आदल्या दिवशी, पावडर लावून, अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढला की हे कळते. चट्टे दिसले तर त्या दिवशी रंगीत कॉम्पॅक्ट वापरावे.

पफ, ब्रश आणि जुनी डबी

पफ आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने किंवा शाम्पूने धुऊन, दाबून पाणी काढून, हवेशीर सावलीत वाळवावा. पावसाळ्यात तो पूर्ण वाळायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून दोन पफ असलेले बरे. ओलसर पफ डबीत बंद करू नये, त्याला वास येतो आणि बुरशीही धरते. ब्रश धुतल्यावर उभा न ठेवता आडवा वाळवावा, नाहीतर पाणी मुठीत उतरून केसांचा गोंद सुटतो. घरात कोणाचे डोळे आले असतील तर पावडर, काजळ, पफ यांतले काहीही कोणाला वापरायला देऊ नये, आणि स्वतःचे आले असतील तर बरे झाल्यावर पफ नवा घ्यावा.

कॉम्पॅक्टच्या वडीवर काही महिन्यांनी एक चकचकीत, कडक कवच येते आणि पफला पावडर लागेनाशी होते. ते कवच म्हणजे पफमधून परत गेलेले चेहऱ्याचे तेल असते. त्यावर चिकटपट्टीचा तुकडा हलका दाबून ओढला की कवच निघून खालची पावडर मोकळी होते. पफची वापरलेली बाजू वडीला टेकेल असा तो ठेवला नाही, तर हे कवच उशिरा धरते. डबीच्या मागे उघड्या बरणीचे छोटे चित्र आणि त्यात १२ किंवा २४ आकड्यापुढे ‘एम’ असेल तर उघडल्यापासून तितके महिने ती वापरावी. कोरडी पावडर क्रीमपेक्षा जास्त टिकते, पण वास बदलला, रंग डागाळला किंवा वडीवर ठिपके दिसले तर छापलेली मुदत शिल्लक असली तरी ती टाकून द्यावी.

रात्री पावडर नुसत्या पाण्याने जात नाही, कारण ती खालच्या सनस्क्रीनला धरून बसलेली असते. आधी क्लेन्झिंग ऑइल किंवा मायसेलर वॉटर या मेकअप उतरवण्याच्या द्रवाने चेहरा, केसांची कड आणि नाकपुडीच्या खोबणी पुसून घ्याव्यात आणि त्यानंतर सौम्य फेसवॉशने धुवावे. शेवटी पांढरा टॉवेल जबड्यालगत टेकवून पाहावा. त्यावर रंग उतरला तर आणखी एकदा धुणे आवश्यक आहे.